एक्केचाळीस खोकी: बागेच्या ग्रंथालयातल्या नोंदी

२ जून २०२५

सरांची पुस्तकं आली. टेम्पो साडेअकराला येणार होता, पावणेदोनला आला. यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन बसलाय, त्यामुळे वरून ताडपत्री होती. पण खालून चाकांचं पाणी उडून मागची तीन खोकी ओली झाली. एकूण खोकी ४१. औषधांची, केळ्यांची, एक तर चक्क मिक्सरचं. मुकादमांनी बागेतली चार माणसं दिली म्हणून पाऊण तासात सगळं आत आलं. चहा माझ्याकडून.

सर म्हणजे वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. वीस-बावीस वर्षं दर रविवारी सकाळी बागेत यायचे, मग ग्रंथालयात येऊन पंख्याखालची खुर्ची धरायचे. गेल्या वर्षी वारले. त्यांच्या मुलीने, ताईंनी, पत्रात एवढंच लिहिलंय: "बाबांची इच्छा होती. तुम्हाला नको असतील ती रद्दीत द्या, मला सांगू नका."

४ जून

खोकी वाचनकक्षात उघडायची नाहीत, हे सगळ्यांना तीनदा सांगितलं. बाहेरून आलेलं पुस्तक आधी वेगळ्या खोलीत. एका पुस्तकातली कसर कपाटभर व्हायला एक पावसाळा पुरतो.

ओल्या तीन खोक्यांतलं साध्या कागदाचं वाचलं. पानं उलगडून पंख्यासमोर उभी केली, मध्ये टीपकागद. गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेलं रंगीत फुलांचं एक पुस्तक मात्र गेलं. हा कागद भिजून वाळला की पानं एकमेकांना अशी चिकटतात की पुस्तकाची वीट होते. ओलं असतानाच पान-पान सोडवायला हवं होतं. पण तेव्हा मी चहा सांगत होते.

५ जून

एकेक खोकं चाळलं. नऊ खोक्यांत कसर किंवा तिची विष्ठा. दोनांत वाळवीची माती, पण जुनी, कोरडी. डांबरगोळ्या इतक्या घातल्या होत्या की इंटर्न मुलीचं डोकं दुखायला लागलं. तिला घरी पाठवलं.

१० जून

बीजपेढीचा डीप फ्रीझर मागून घेतला. एका वेळी चार खोक्यांतलं सामान मावतं, म्हणजे नऊ खोक्यांना तीन फेऱ्या. पुस्तकं जाड प्लास्टिकच्या पिशवीत, हवा काढून, तोंड पक्कं बंद. उणे २० अंशाला एक आठवडा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, पूर्ण एक दिवस तशीच ठेवायची. नाहीतर गार कागदावर हवेतलं पाणी धरतं आणि कीड मेली तरी बुरशीला आमंत्रण जातं. पिशवीवर मोठ्या अक्षरात "उघडू नये" लिहिलंय. बीजपेढीवाल्यांनी खाली "आमच्या बिया हलवू नयेत" लिहून ठेवलंय.

१३ जून

पहिली मोजणी: पुस्तकं ६१२, बांधीव नियतकालिकं ७४ खंड, सुटे रीप्रिंट (शोधलेखांच्या वेगळ्या छापील प्रती) अंदाजे १३००, शिवाय दोन खोकी "इतर".

आमचा नियम सरळ आहे. जे आधीपासून आहे त्याची दुसरी प्रत घ्यायची नाही. कपाटं चौदा आणि चौदाही भरलेली. इंटर्नने सगळी यादी कोहामध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या सूचीत, ताडून पाहिली. १८७ पुस्तकं आमच्याकडे आहेत. त्यांच्यापुढे लाल फुली. यात काहीच वाद नाही: बॉटॅनिकल सर्व्हेचे महाराष्ट्राच्या फ्लोराचे (फ्लोरा म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींचं वर्णन करणारा ग्रंथ) खंड (एकदल १९९६, द्विदल २००० आणि २००१) आमच्याकडे दोन-दोन संच आहेत. हुकरच्या ब्रिटिश भारताच्या फ्लोराचं, सातही खंडांचं, पुनर्मुद्रण आहे. थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा तर मूळही आहे आणि १९५८ चं तीन खंडी पुनर्मुद्रणही. सरांची प्रत ही तिसरी. फुली.

१७ जून

फुली पुसली.

फुली मारलेली पुस्तकं बाहेरच्या व्हरांड्यात नेऊन ठेवायची होती. कुकचे तीन खंड उचलले तर मधल्याचा पुठ्ठा सुटून हातात आला आणि पुस्तक उघडं पडलं. समास काळा दिसला. बुरशी वाटली, म्हणून चष्मा लावला. पेन्सिल होती.

एका पानापुरतं लिहून ठेवते. शिंदळ माकुडीचं पान, म्हणजे फ्रेरिया इंडिका. डॅल्झेलने १८६५ मध्ये तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने ही प्रजाती (जीनस) केली. छापील मजकूर दहा-बारा ओळींचा. भोवती सरांचं बारीक मराठी अक्षर. वर: "शिवनेरी, कड्याच्या उत्तर अंगाला, ११-९-७३, फुलं." खाली वेगळ्या पेन्सिलीने: "तिथेच, ७९. दोनच झाडं. शेळ्या." उजवीकडे उभ्या ओळीत: "नाव बदललं म्हणतात, कॅराल्युमा." त्यावर काट, पुढे: "आता बुसेरोशिया!! पुरे." एकाच झाडाची तीन नावं आणि तीस-पस्तीस वर्षांचा वैताग, दोन बोटं रुंदीच्या समासात.

पुढे कंदीलपुष्पांची, म्हणजे सेरोपेजियाची पानं. कुकनंतर सह्याद्रीत या प्रजातीच्या ज्या नव्या जाती वर्णिल्या गेल्या, त्या सरांनी समासात जागच्या जागी बसवल्यात: सह्याद्रिका, हुबेराय, वनस्पतिशास्त्रज्ञ टी. एस. महाबळे यांच्या नावाची महाबळेई. कुठे पाहिली, कधी पाहिली, कंद काढला की नाही. बहुतेक ठिकाणी "काढला नाही" असं अधोरेखित.

तीनही खंडांत असंच आहे. दिवसभर दुसरं काही झालं नाही.

१८ जून

मॅडमना (आमच्या क्युरेटर) सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिसरी प्रत आहे ना? समितीला काय सांगणार, पेन्सिल आहे म्हणून?"

हो, तेच सांगणार.

२४ जून

आपलीच एक चूक इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या माणसाला उपयोग होईल.

कुकचा मूळ ग्रंथ एकदम निघाला नाही. १९०१ ते १९०८ असा सुट्या भागांत येत राहिला आणि मग त्याचे दोन खंड बांधले गेले. प्रत्येक भागाला कागदी वेष्टन असायचं, आणि तो कधी निघाला ते त्या वेष्टनावरून कळायचं. वनस्पतींच्या नामकरणात अग्रक्रमाचा नियम आहे. एकाच झाडाला दोघांनी नावं दिली तर आधी छापलेलं टिकतं, आणि "आधी" म्हणजे नुसतं वर्ष नाही, महिना आणि जमलं तर तारीखही. म्हणून अशा वेष्टनांची किंमत आतल्या मजकुराइतकीच असते. आपल्या मूळ प्रतीची वेष्टनं कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी फाडली. ते माझ्या आधीचं. पण २००९ मध्ये नियतकालिकांचे एकवीस खंड बांधायला दिले तेव्हा बाइंडरने विचारलं, "मॅडम, कव्हरं ठेवायची का जाहिराती काढायच्या?" मी म्हटलं, काढा, जाडी कमी होईल.

सरांच्या ७४ बांधीव खंडांत प्रत्येक अंकाचं मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ जागेवर आहे, जाहिरातींसकट. त्यांतले सोळा खंड नेमके माझ्या एकवीसातले निघाले. नियमाने ते "दुसरी प्रत". ठेवून घेतेय.

१ जुलै

पानांत दाबलेली झाडं निघायला लागली. आतापर्यंत ३४. काही नुसती पानं, चारांवर चिठ्ठ्या आणि एक पूर्ण ऑर्किड, जे बाहेर काढताच चुरा झालं.

उघड्या हातांनी शिवायचं नाही, असं इंटर्न मुलीला सांगितलं तर तिला नवल वाटलं. जुन्या काळी वाळलेल्या नमुन्यांना कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवायचे. त्यातला पारा वर्षानुवर्षं कागदातून बाहेर पडत राहतो आणि शेजारच्या पानावर करडा डाग उमटतो. सरांनी घरी असं काही केलं असण्याची शक्यता कमी. पण तीन नमुने जुन्या हर्बेरियमच्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या) कागदासकट आहेत आणि त्यांच्या भोवती नेमका तसलाच डाग आहे. हातमोजे, मास्क, खिडकी उघडी. नमुने हर्बेरियमला दिले. जाण्यापूर्वी प्रत्येकाचा फोटो, कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानात होता ते लिहून. नमुना तिकडे आणि पुस्तक इकडे झालं की ही जोडी पुन्हा कोणाला जुळवता येणार नाही.

७ जुलै

काल एकादशी. आज खरेदीचं पार्सल आलं. देणगीच्या गडबडीत हे विसरलेच होते. मलबारच्या वनस्पतींवरच्या हॉर्टस मलबारिकसचा के. एस. मणिलाल यांनी केलेला इंग्रजी अनुवाद, बारा खंड, केरळ विद्यापीठाचा, २००३ चा. तीन वर्षं मागणी घालत होते. मणिलाल याच वर्षी १ जानेवारीला गेले. उभा जन्म या एका ग्रंथापायी घातलेला माणूस.

मूळ ग्रंथ लॅटिनमध्ये, ॲम्स्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापलेला. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रेडे याने तो करवून घेतला. माहिती मुख्यतः इट्टी अच्युतन या वैद्याची. आणि त्याच्याबरोबर तीन कोकणी वैद्य: रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट. या तिघांनी सही करून दिलेला दाखला पहिल्या खंडात जसाच्या तसा कोरून छापलाय. भाषा कोकणी, लिपी नागरी, एप्रिल १६७५ चा.

मूळ पानं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट पाहता येतात. मोठी करून स्क्रीनवर लावली. मी, मुलगी, शिपाई आणि हिशेबनीस असे चौघे वाचायला बसलो. अक्षर ओळखीचं, पण सलग लागत नाही. कुठे शिरोरेषा तुटलेली, शब्द एकमेकांत गुंतलेले, आणि डच कोरक्याला लिपी येत नसणार, त्याने नुसता आकार गिरवलेला. नावापाशी आलो तेव्हा हिशेबनीस, मूळचे कारवारचे, म्हणाले, "अहो, हे आमच्याकडचं आहे की!" मग त्यांनीच अर्धाअधिक लावून दाखवलं. दुपारचे दोन तास गेले. हिशेबनीसांनी बिल मंजूर करताना पहिल्यांदाच कुरकुर केली नाही.

सुरुवातीच्या खंडांतल्या चित्रांवर झाडांची नावं मलयाळी, अरबी आणि नागरी अशा लिप्यांतही आहेत. ती नागरी नावं उतरवून घेऊन आमच्या स्थानिक नावांच्या सूचीत घालायची. काम मुलीकडे.

१६ जुलै

भराभर झालेलं:

ग्रॅहमच्या १८३९ च्या मुंबईच्या वनस्पतियादीची बांधीव झेरॉक्स. जॉन ग्रॅहम टपाल खात्यातला अधिकारी. यादी छापून पुरी व्हायच्या आत खंडाळ्याला वारला आणि उरलेली निम्मो नावाच्या दुसऱ्याने पुरी केली. झेरॉक्स आहे म्हणून फुली नाही. मूळ पाहायला मिळणं अवघड.

डॅल्झेल आणि गिब्सनचा १८६१ चा बॉम्बे फ्लोरा, पुनर्मुद्रण. आहे. फुली. (समास तपासला. कोरा.)

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ताच्या औषधी वनस्पतींवरच्या संवादांचा मार्कमने केलेला १९१३ चा अनुवाद, पुनर्मुद्रण. नव्हता. घेतला. मूळ पुस्तक गोव्यात १५६३ साली छापलं गेलं. मुंबई बेट एकेकाळी याच वैद्याच्या ताब्यात भाडेपट्ट्याने होतं, हे आमच्या शिपायाला सांगितलं तर तो म्हणाला, "मग विकलं कशाला?"

वामन गणेश देसाईंचा औषधीसंग्रह, १९२७. मराठी. कागद इतका आंबट झालाय की पान उलटताना कोपरा हातात येतो. स्कॅन करून मग बंद पेटीत.

दापोडीच्या चित्रांवरचं हेन्री नोल्टीचं पुस्तक, 'द दापुरी ड्रॉइंग्ज', २००२. हे आमच्याकडे नाही याची मला लाजच वाटली. ज्या दापुरीची ही चित्रं, ती म्हणजे आपली दापोडी. तिथे कंपनी सरकारची वनस्पती बाग होती आणि अलेक्झांडर गिब्सन तिचा अधीक्षक. त्याने एका देशी चित्रकाराकडून काढून घेतलेली सुमारे १७० चित्रं आज एडिंबरोच्या बागेत आहेत. चित्रकाराचं नाव नाही. दापोडीची बाग १८६५ मध्ये बंद पडली आणि १८७३ पासून गणेशखिंडीची सुरू झाली.

२२ जुलै

समितीची बैठक. चाळीस मिनिटं पार्किंगवर, दहा ग्रंथालयावर.

मी कुकचा खंड उघडून टेबलावर फिरवला. एक सदस्य म्हणाले, "पुस्तकावर लिहिणं हा गुन्हा म्हणून आपणच दंड घेतो ना?" हशा. दुसऱ्यांनी मात्र खंडाळ्याच्या झाडांची पानं काढून बारकाईने पाहिली आणि विचारलं, "सांतापावच्या खंडाळ्याच्या फ्लोराशी हे ताडून पाहिलंय का?" पाहिलं नव्हतं. पण तेवढ्याने बैठक वळली. सांतापावची खंडाळ्याची यादी १९५३ ची. सरांच्या नोंदी १९६९ पासून पुढच्या. मधल्या काळात रस्ते झाले, बंगले झाले. कोणतं झाड कधीपर्यंत दिसत होतं, हे सांगणारा कागद सहसा मिळत नाही.

मंजूर. अट एकच: नवं कपाट मागायचं नाही.

मग जागा कुठून आणायची? मी म्हटलं, आपली पुनर्मुद्रणाची कोरी प्रत काढू आणि ही ठेवू. तर कळलं की येणारं पुस्तक नाकारायला एक सही लागते आणि शिक्का बसलेलं पुस्तक काढायला निर्लेखनाचा प्रस्ताव, तीन सह्या, लेखापरीक्षकाचा शेरा. शेवटी कोरी प्रत रोपवाटिकेच्या ऑफिसला "दीर्घ मुदतीने" दिली. कागदोपत्री ती आमच्याच कपाटात आहे.

३० जुलै

विषयनोंदींवर अडलो. सरांच्या रीप्रिंटांत बाभळीवरचे एकोणीस आहेत, सगळे अकेशिया नावाखाली. २००५ च्या व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांना गेलं, २०११ ला मेलबर्नमध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं. आपली बाभूळ आता व्हॅचेलिया, खैर सेनेगालिया. मुलगी म्हणते, नवं नाव घालू. मी म्हणते, शोधणारा माणूस अकेशियाच टाकणार. शेवटी दोन्ही, आणि तिसरी नोंद "बाभूळ". आमचे निम्मे वाचक हेच टाकतात.

८ ऑगस्ट

कीर्तिकर आणि बसू, इंडियन मेडिसिनल प्लांट्स. १९३३ च्या दुसऱ्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण. ती ब्लॅटर, केयस आणि म्हसकर यांनी सुधारलेली. मजकुराचे चारही खंड, चित्रांचे तीनच. चौथा कुठे? सगळी खोकी पुन्हा पाहिली. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर १९१७ मध्ये गेले आणि पहिली आवृत्ती १९१८ ला निघाली. त्यांनाही आपलं पुस्तक पुरं बघायला मिळालं नाही, मग आमची काय कथा.

ताईंना फोन केला. म्हणाल्या, कुणीतरी वाचायला नेलं असेल, बाबा कुणालाही द्यायचे.

१९ ऑगस्ट

सरांची संक्षेपं लागत नव्हती. "ख", "पु", "सिं", "मु" असं सगळीकडे. पु म्हणजे पुरंदर, सिं म्हणजे सिंहगड, इतपत ठीक. पण "ख" खंडाळा की खंबाटकी की खडकवासला? तिन्ही ठिकाणी सर जाणारच. समितीत मी ज्यांना खंडाळ्याची पानं म्हणून दाखवली, ती खंडाळ्याचीच होती का, या विचाराने रात्री झोप लागली नाही.

तिढा एसटीच्या तिकिटांनी सोडवला. सर खुणेसाठी पानात तिकीट ठेवायचे. वाळलेली झाडं काढताना मुलीने ती कचरा समजून न टाकता पाकिटात भरली होती (शाबास!). ८८ तिकिटं. बहुतेकांची शाई उडालीय, पण एकतीसांवर मागे पेन्सिलीने तारीख आणि गाव आहे. त्या तारखा समासातल्या "ख" नोंदींशी ताडल्या. बावीस जुळल्या, बावीसही खंडाळ्याच्या. खंबाटकीसाठी त्यांची खूण "खं", अनुस्वारासकट, आणि पेन्सिल झिजली की तो टिंब दिसेनासा होतो. म्हणजे काही "ख" कायमचे संशयास्पद राहणार. ते तसंच लिहून ठेवलंय, प्रत्येक ठिकाणी अंदाज न ठोकता.

आता तिकिटांनाही दाखल क्रमांक द्यायचा का, यावर मॅडम आणि मी अर्धा तास. शेवटी पाकिटाला एक क्रमांक.

२६ ऑगस्ट

उद्यापासून गणपती. आज "इतर" लिहिलेली दोन खोकी उघडली. आत बियांच्या याद्या. जगभरच्या बागा दरवर्षी आपल्याकडच्या बियांची यादी छापून एकमेकींना पाठवतात, हवं त्यावर खूण करून परत पाठवायचं, फुकट. यांना कुणी जपत नाही, वर्ष संपलं की केराची टोपली. सरांनी आमच्याच बागेच्या १९७६ ते १९९३ च्या अठरा याद्या ठेवल्यात. आमच्याकडे यांतली एकही नाही. आपल्या घरचं आपल्याला परत मिळतंय, तेही देणगी म्हणून.

या याद्यांवरून बागेत कोणत्या साली कोणत्या झाडाला बी धरत होतं ते कळतं. कागद स्टेन्सिलचा, पिवळा, मधोमध गंजलेली स्टेपल. स्टेपल काढून पानं दोऱ्याने शिवली. हे काम मी स्वतः केलं. पोटशिलाईचे पाच टाके, मेणावर ओढलेला दोरा. वीस वर्षांत हात विसरला नाही.

९ सप्टेंबर

कुकच्या समासातल्या नोंदी उतरवणं चालू आहे. आज अपोसायनेसी, म्हणजे कण्हेर-सदाफुलीचं कूळ. काळ्या कुड्याच्या, राइटिया टिंक्टोरियाच्या पानावर:

"आपली बाग, विहिरीमागे. पाटी 'पांढरा कुडा' – चूक! शेंगांची टोकं जुळलेली. ३-१२-९१. सांगितलं."

त्याच्याखाली: "९६. पुन्हा सांगितलं."

त्याच्याखाली नुसतंच: "२००४."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. बाहेर पाऊस होता, नाहीतर तेव्हाच गेलो असतो.

११ सप्टेंबर

विहीर बुजवून वीस वर्षं झाली, त्या जागी पंपघर आहे. मागे झाड आहे. पाटीही आहे, नवी, स्टीलची, दोन वर्षांपूर्वी क्यूआर कोड लावले तेव्हाची. पांढरा कुडा, होलॅऱ्हिना प्युबेसन्स. खाली बिया आमांशावर गुणकारी वगैरे.

वर हिरव्या शेंगा लोंबत होत्या. जोडीजोडीने, आणि प्रत्येक जोडीची टोकं खाली एकमेकींना चिकटलेली, बांगडी चेपून लांब करावी तशी. पांढऱ्या कुड्याच्या शेंगाही जोडीनेच येतात, पण टोकं सुटी, चवळीच्या शेंगांसारखी लोंबती. मुकादमांनी आकडीने एक जोडी खाली ओढली. देठातून चीक आला. मुलीने फोटो काढले. मी पाटीवरचा कोड मोबाइलने उघडून पाहिला; त्या पानावर पांढऱ्या कुड्याच्या फुलांचा सुंदर फोटो आहे, कुठल्यातरी दुसऱ्या झाडाचा.

परत येऊन शोधलं की पाट्यांची यादी कुठून आली. बागेच्या ऑफिसात नव्हती. आमच्याकडे होती. १९८४ ची टंकलिखित यादी, ग्रंथालयाच्याच शिक्क्याची, तिच्यावरूनच पाट्या, तिच्यावरूनच पुढे एक्सेल, तिच्यावरूनच क्यूआर. सर "सांगितलं" म्हणतात ते कुणाला, हे लिहिलेलं नाही. २००४ मध्ये या टेबलावर मी होते.

१८ सप्टेंबर

पाटी बदलण्याचा अर्ज. त्यात एक रकाना आहे, "संदर्भ". मी लिहिलं: कुक, पुनर्मुद्रण १९५८, दाखल क्रमांक अमुक, समासातली हस्तलिखित नोंद.

मॅडमनी अर्ज परत पाठवला. त्यांचं चूक नाही. पेन्सिलीची नोंद संदर्भ होत नाही, नमुना लागतो; शेंगांसकट फांदी आज हर्बेरियमला दिली, पण ते म्हणाले फुलं पाहिल्याशिवाय निश्चिती लिहून देणार नाही. राइटियाच्या फुलात पाकळ्यांच्या आत झालरीसारखी खवल्यांची कडी असते, होलॅऱ्हिनाला नसते. फुलं उन्हाळ्यात, मार्च-एप्रिलच्या पुढे.

कोहामध्ये सरांच्या प्रतीची नोंद पुरी केली. पूर्वमालकीच्या ५६१ क्रमांकाच्या क्षेत्रात तीन ओळी, तिकिटांच्या पाकिटाचा क्रमांक, "ख" विषयीची सूचना. पाटीवर तोवर कागद चिकटवला: "नाव तपासणीखाली." दुपारच्या सरीत सुटला. उद्या लॅमिनेट करून लावायचा.

कीर्तिकरांचा चौथा चित्रखंड अजून नाही.

एप्रिलसाठी आठवण: पंपघरामागे, सकाळी, शिडी आणि मुकादम.